वहीत लिहिलेलं आणि ताटात उरलेलं

2020 च्या जूनमध्ये आपल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, आणि त्याच वर्षी त्याला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. ते पाहायला येणारा माणूस जेवतो, एखादी रात्र मुक्कामही करतो. म्हणून आमच्या गटानं दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या.

पहिली अडचण पाण्याची. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात रोज टॉवेल-चादरी धुवायच्या म्हणजे आपल्याच हंड्यातलं पाणी ओतायचं. शिवाय साबणाचं पाणी उतारानं कुठं जाणार, हेही बघावं लागतं.

अमेरिकेतल्या एका हॉटेलात संशोधकांनी हाच टॉवेलचा प्रश्न घेतला होता. 2008 साली ते संशोधन छापून आलं. काही खोल्यांत त्यांनी ‘पर्यावरण वाचवा’ असं कार्ड ठेवलं, तर काही खोल्यांत ‘या खोलीत राहिलेल्या बहुतेकांनी टॉवेल पुन्हा वापरला’ असं. पहिलं कार्ड वाचून शंभरातल्या साधारण 37 जणांनी तोच टॉवेल पुन्हा वापरला, दुसरं वाचून 49 जणांनी. टॉवेल तेच, हॉटेल तेच, शब्द तेवढे बदलले. उपदेशापेक्षा शेजाऱ्याचं वागणं माणसाला लवकर पटतं, हे हळदीकुंकवाला जाणाऱ्या बाईला काय सांगायचं! पण पाटीवर खोटं लिहायचं नाही. आम्ही आधी महिनाभर मोजलं, बहुतेक पाहुणे खरंच एका टॉवेलवर भागवतात हे दिसलं, मग पाटी लावली.

दुसरी गोष्ट अभिप्रायाची. वहीत सगळे लिहितात, ‘छान, घरच्यासारखं.’ वाचून बरं वाटतं, पण त्यातून कळत काहीच नाही. ताट मात्र बोलतं. शहरातली लेकरं ठेचा तसाच ठेवतात, तिसरी भाकरी परत येते. आता आम्ही भाकरी एकेक करून, गरम वाढतो. ठेचा मागितला तरच. पिठलं कधी उरत नाही, ते सोडा.

न्हाणीघराची कडी आतून लागत नव्हती. वहीत हे कोणी लिहिलं नाही. एका पाहुण्या ताईनं चुलीजवळ बसून हळूच सांगितलं. तेव्हापासून निघताना आम्ही बायांना वेगळं विचारतो, ‘कशाची अडचण झाली?’ स्वयंपाक करणाऱ्या मावशींना लिहिता येत नाही. त्या ऐकतात आणि त्यांची शाळेत जाणारी नात वहीत टिपून ठेवते.

यावरून गटात वादही झाला. ‘जेवण फार तिखट’ असं दोनदा आल्यावर मावशींचा वाटा कमी करा, असं काहींचं म्हणणं पडलं. आम्ही नाही म्हटलं. तक्रारीचे पैसे कापायला लागलो, तर उद्या तक्रार वहीपर्यंत पोचणारच नाही.

आता तिसऱ्या खोलीचा विचार आहे. राज्य शासनाच्या 2023 च्या ‘आई’ पर्यटन धोरणात महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी 15 लाखांपर्यंतच्या कर्जावर, अटी पाळल्यास, व्याजाचा परतावा मिळतो. अर्ज करण्याआधी पर्यटन विभागाकडे अटी नीट विचारून घ्या. कर्ज घ्यायचं की नाही, हे आमचं अजून ठरलेलं नाही. येत्या बैठकीत पाण्याचा हिशोब आणि ही वही, दोन्ही समोर ठेवून बसणार आहोत. मावशीही असतील.