हौशी खेळाडूंचा डाव

हौशी खेळाडू म्हणजे ज्याची चूल खेळावर पेटत नाहीं तो. अशा सोळा बुद्धिबळपटूंची जागतिक स्पर्धा १९२८ सालीं हेग येथें झाली. प्रत्येकाचा प्रत्येकाशीं एक डाव. तेथें हॉलंडचे गणितशिक्षक माक्स ऑयवे आणि पोलंडचे डाविड प्शेपिउर्का पटावर समोरासमोर बसले. अखेरीस ऑयवे बारा गुणांनीं पहिले, प्शेपिउर्का अकरा गुणांनीं दुसरे आले. अंतर अवघ्या एका गुणाचें!

१९३५ सालीं ऑयवे यांनीं आलेखिनसारख्या धुरंधराला हरवून जगज्जेतेपद मिळविलें. प्शेपिउर्का यांना मात्र १९४० सालीं जर्मनांनीं वॉर्सांत पकडलें व पाल्मिरीच्या अरण्यांत गोळ्या घातल्या.

पटावरील राजावर मात होते, पण त्याला कोणी मारीत नाहीं. डाव संपला कीं काळीं-पांढरीं मोहरीं एकाच पेटींत जातात आणि दोन्ही खेळाडू आपापल्या घरीं परततात. खेळांतली ही मर्यादा युद्धाला उरली नाहीं.