मोटारीचा तळ आणि खानदेशची काळी माती

मोटार विकत घेणारा गृहस्थ तिचा रंग पाहतो, बैठका दाबून पाहतो, दारें उघडून व मिटून त्यांचा आवाज ऐकतो. पण ओणवा होऊन तिच्या पोटाखालीं डोकावणारा गृहस्थ शंभरांत एखादाच. वास्तविक मोटारीचें आयुष्य ठरतें तें या न दिसणाऱ्या बाजूवर. इंजिन बदलतां येतें, रंग नवा देतां येतो. परंतु तळाचा पत्रा आणि त्याला आधार देणाऱ्या पोकळ तुळया गंजून खिळखिळ्या झाल्या, म्हणजे त्या गाडीवर ओतलेला पैसा वायां जातो. शिवाय ब्रेकच्या तेलाच्या नळ्या याच तळाला धरून मागच्या चाकांकडे जातात. त्यांपैकीं एखादी गंजून लळिंगच्या घाटांत, उतरणीवर फुटली, तर काय प्रसंग ओढवेल हें सांगावयास नको.

खानदेशांत या विषयाकडे सहसा दुर्लक्ष होतें, आणि वरवर पाहतां त्याला कारणही आहे. गंज हा कोंकणचा रोग, अशी येथील समजूत. रत्नागिरीस वर्षाला ३,००० मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. धुळें-जळगांवकडे तो ६०० ते ७०० च्या आसपास. समुद्राची खारी हवा येथें नाहीं. वैशाखांत जळगांवचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हां हवेंत ओलावा नांवालाच उरतो. उघड्या व स्वच्छ लोखंडापुरती ही समजूत खरीही आहे. इंग्लंडांत व्हर्नन या शास्त्रज्ञानें १९२० व १९३० च्या दशकांत दाखवून दिलें कीं, हवेंतील सापेक्ष आर्द्रता एका मर्यादेखालीं, सामान्यत: ६० टक्क्यांखालीं, असेल तर लोखंडावर गंज फारच मंदगतीनें चढतो, ती मर्यादा ओलांडली कीं तो झपाट्यानें वाढूं लागतो.

पण मोटारीचा तळ उघडाही नसतो आणि स्वच्छही नसतो. खानदेशची काळी माती दख्खनच्या काळ्या खडकाच्या झिजेंतून बनलेली. कण अतिशय बारीक, पाणी पिऊन फुगणारी, वाळली म्हणजे भेगाळणारी. ती ओल धरून ठेवते म्हणून कपाशीचा शेतकरी तिचें कौतुक करतो. पण जो गुण कपाशीला तारक, तोच पत्र्याला मारक. आषाढांत रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांतून किंवा शिरपूरच्या एखाद्या शिवाररस्त्यावरून आलेली गाडी चाकांच्या कमानींत, तळाच्या कोपऱ्यांत व तुळयांच्या सांध्यांत किलो-दोन किलो चिखल घेऊन घरीं येते. दोन दिवस ऊन पडलें कीं चिखलाचा वरचा पापुद्रा कडक होतो आणि सारें वाळलें असें मालकाला वाटतें. पत्र्याला चिकटलेला आंतला थर मात्र कितीतरी दिवस ओलाच राहतो. बाहेर हवा कितीही कोरडी असो, त्या पत्र्यापुरता पावसाळा संपलेला नसतो.

यांत आणखी एक मौज आहे. केंब्रिज येथील यूलिक इव्हान्स या शास्त्रज्ञानें १९२० च्या दशकांत एक अगदीं साधा प्रयोग केला. स्वच्छ पोलादी पत्र्यावर त्यानें मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. थेंबाच्या कडेला हवा अधिक लागते, तेव्हां लोखंड तेथेंच अधिक खाल्लें जाईल, असें कोणालाही वाटेल. घडलें तें उलट! जेथें प्राणवायु कमी पोंचतो त्या मध्यभागीं लोखंड विरघळूं लागलें, आणि गंजाचें कडें त्याच्या भोंवतीं जमलें. एकाच पत्र्याच्या दोन भागांना प्राणवायु कमी-अधिक मिळाला कीं त्यांच्यांत विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो, व प्राणवायूला मुकलेला भाग झिजतो. चिखलाच्या ढेकळाखालचा पत्रा म्हणजे या थेंबाचा मध्यच. तळाच्या उघड्या सपाट भागाला भोंक पडण्याआधीं तें कोपऱ्यांत पडतें, त्याचें कारण हें.

पाण्यांत क्षार मिसळला कीं हा प्रवाह अधिकच सुलभ होतो. युरोप-अमेरिकेच्या थंड प्रदेशांत हिवाळ्यांत रस्त्यावरचें बर्फ वितळविण्यासाठीं मीठ टाकतात, आणि मोटारीच्या तळाचा गंज हा तेथें घरोघरीं चिंतेचा विषय असतो. खानदेशांत रस्त्यावर मीठ कोणी टाकीत नाहीं. परंतु केळीला घालतात तें पालाशाचें खत, म्युरिएट ऑफ पोटॅश, हें रसायनदृष्ट्या मिठाचें सख्खें भावंडच होय. फाटक्या गोणींतून सांडलेलें हें खत पिकअप गाडीच्या हौद्याच्या फटींतून खालीं उतरतें, त्यावर पावसाचें पाणी पडतें, आणि समुद्र शेंकडों मैल दूर असूनही तो तेथें हजर होतो. पूर्वेस अकोल्याच्या बाजूला पूर्णेच्या खोऱ्यांत खारपाणपट्टा आहे; तेथील खाऱ्या विहिरीच्या पाण्यानें धुतलेल्या गाडीचा मळ जातो, पण क्षार मागें राहतो.

यावर गॅरेजांत सांगितला जाणारा उपाय म्हणजे तळाला लेप देणें. हा लेप डांबराचा असतो, रबरमिश्रित असतो, किंवा मेणाचा. लेप वाईट नाहीं. पण तो कोणत्या पत्र्यावर बसतो, हा खरा प्रश्न. चिखल पुरता न धुतां, सांधे न वाळवितां, सुटा गंज न खरवडतां फवारलेला काळा थर ओलीला बाहेर ठेवीत नाहीं, उलट तिला आंत कोंडतो. गंज मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो. तो आंतल्या आंत फुगून लेपाला उचलतो आणि त्या पोकळींत आणखी पाणी शिरतें. असा लेप देण्यापेक्षां न दिलेला पुरवला.

पुष्कळ लोक मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर गॅरेजकडे धांवतात. ही वेळ चुकीची. ज्या वैशाखाच्या झळांना सारा खानदेश कंटाळतो, त्याच या कामीं कामगाराहूनही उपयोगी पडतात. तेव्हां गाडी उंच उचलून जोरदार गोड्या पाण्यानें कमानी व सांधे धुवावे, आणि दोन दिवस तिला उन्हावाऱ्यावर तशीच ठेवावी. दारांखालच्या पोकळ पट्ट्यांना पाणी वाहून जाण्यासाठीं लहान छिद्रें ठेवलेलीं असतात. तीं मातीनें बुजलेलीं असल्यास तारेनें मोकळीं करावीं, आणि लेप देतांना पुन्हां बुजूं देऊं नयेत. सुटा गंज तारेच्या ब्रशानें काढून उघड्या लोखंडावर आधीं जस्तयुक्त प्रायमर द्यावा. जस्त स्वत: झिजतें व लोखंडाला राखतें, हंफ्री डेव्हीनें १८२४ मध्यें जहाजांच्या तांब्याच्या आवरणाला जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडून जें तत्त्व आजमावलें, तेंच हें. मग लेप. पोकळ तुळयांच्या आंत मात्र डांबर नको, पातळ मेण हवें. तें फटींत शिरतें.

ब्रेकच्या तबकड्या, रबरी नळ्या, हलणारे सांधे आणि सायलेन्सर यांना लेपाचा स्पर्शही होऊं देऊं नये. सायलेन्सर तर बहुधा आंतूनच गंजतो. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे सुमारें एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें निर्माण होतें, आणि घरापासून बाजारापर्यंतच जाणाऱ्या गाडीचा सायलेन्सर तें बाहेर टाकण्याइतका तापतच नाहीं.

नव्या गाडीबरोबर लेपाचा आग्रह धरणाऱ्या विक्रेत्याला मात्र लगेच होकार देण्याची घाई नको. १९६० च्या दशकापासून गाडीचा सांगाडा रंगाच्या हौदांत बुडवून विजेच्या साहाय्यानें त्यावर प्रायमर चढविण्याची रीत सुरू झाली, आणि आतां अनेक गाड्यांचा पत्रा जस्त चढविलेलाही असतो. अशा गाडीला पहिलीं वर्षें वेळच्या वेळीं धुणें बहुधा पुरेसें होतें. लेप दिलेला असल्यास तो दरवर्षीं तपासावा. उन्हानें कडक होऊन त्याला बारीक तडे जातात.

सर्वांत सावध राहावें तें जुनी गाडी घेतांना, विशेषत: ती मुंबई-सुरतेकडून धुळ्याच्या वाटेनें आलेली असेल तेव्हां. तिचा तळ नुकताच काळाभोर रंगविलेला दिसला, तर तो गुण न मानतां चौकशी करावी. आंतली सतरंजी उचलून पत्रा पाहावा. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनें चाकांच्या कमानी व दारांखालच्या पट्ट्या हलकेच ठोकाव्या. शाबूत पत्रा खणखणीत वाजतो. गंजलेला बद्द वाजतो, आणि कित्येकदां त्याच ठोक्यानें काळ्या लेपाचा पोपडा गंजाच्या तांबड्या भुशासकट हातावर पडतो.