मांडीची सैल कातडी

आजचा विषय ऐकून कुणी गालातल्या गालात हसेल, कुणी पदर सावरील. पण ज्यांना हा त्रास आहे ती माणसे तो कुणापाशी बोलत नाहीत, म्हणून तो येथे उघड बोललेला बरा.

समजा, शाळेतल्या एका बाईंचे वजन एकशेदहा किलो होते. पथ्याने म्हणा, पोटाच्या शस्त्रक्रियेने म्हणा, ते सत्तरावर आले. सर्वांनी शाबासकी दिली. चरबी गेली, पण कातडी राहिली. वर्षानुवर्षे ताणलेली कातडी जुन्या पायजम्यातल्या रबरासारखी होते. तिची ओढच संपते. मग मालीश करा, लेप लावा, ती आवळत नाही. व्यायामाने आतला स्नायू बळकट होतो, वरची कातडी नव्हे. चालताना मांडीला मांडी घासते, सोलवटते, घामाने नायटा होतो. काष्टा घालून दिवसभर शेतात राबणाऱ्या बाईला तर विचारूच नका.

यावर शस्त्रक्रिया आहे. लुईस नावाच्या अमेरिकन शल्यविशारदाने १९५७ साली तिचे वर्णन केले. मात्र कातडी नुसतीच ओढून शिवली, तर तिच्या भाराने व्रण खाली सरकत असे. १९८८ साली लॉकवुड यांनी जांघेतल्या आतल्या चिवट पडद्याला टाके घेऊन कातडी टांगून ठेवण्याची रीत सांगितली. ही प्लॅस्टिक सर्जरीच. पण तिच्यात बादलीचे प्लॅस्टिक नसते बरे का! आकार देणे अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते नाव पडले आहे.

भूल देऊन जांघेच्या घडीत छेद घेतात; कातडी फारच असेल तर तो आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत नेतात. जादा कातडी काढून टाके घालतात. थोडक्यात, सैलपणा द्यायचा आणि व्रण घ्यायचा, असा हा व्यवहार आहे. व्रण पहिले काही महिने लाल असतो, वर्षभरात फिकट होतो, पण जात नाही. ‘खूणसुद्धा दिसणार नाही’ असे कोणी सांगितले, तर तेथून उठून यावे, असे माझे मत आहे.

जांघेची जागा ओलसर. तेथे जखमेची कड एखाद्या ठिकाणी उसवते, आणि हे पुष्कळांना होते. घाबरू नये, मलमपट्टीने ती काही आठवड्यांत भरते. पाणी साचणे, पू होणे, पाय सुजणे हेही घडते. मधुमेह ताब्यात नसेल किंवा तंबाखू चालू असेल, तर धोका वाढतो. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात व कातडीला रक्त पुरत नाही. आणि बायांनो, मिश्री हीसुद्धा तंबाखूच! ती निदान महिनाभर आधी सोडावी लागते, आणि डॉक्टरांपासून लपवून तर मुळीच चालत नाही. वजनही सहा महिने एका जागी स्थिर असावे. मूल व्हायचे असेल तर आधी ते होऊ द्यावे.

खर्च आधी लेखी विचारून घ्या. केवळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचे पैसे विमा साधारणपणे देत नाही. डॉक्टरांची प्लॅस्टिक सर्जरीतली पदवी विचारण्यातही संकोच नको.

घरी आल्यावर पडून राहायचे नाही, हळूहळू चालायचे. घट्ट पट्ट्याचा पायजमा काही आठवडे घालावा लागतो. बसून करायचे काम दोन-तीन आठवड्यांनी जमते. हंडा उचलणे, उकिडवे बसणे, वाकून खुरपणे सुमारे सहा आठवडे बंद. शौचालय उकिडवे बसण्याचे असेल, तर आधीच खुर्चीची सोय करून ठेवा, कारण पाय फाकून बसले की टाक्यांवर ताण येतो. इस्पितळ दूर असेल, तर पट्टी बदलायला गावात कोण येईल, तेही निघण्यापूर्वी ठरवा.

एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, किंवा एकाएकी दम लागला, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. अशा वेळी सकाळची एस. टी. धरू म्हणून थांबू नका. मिळेल त्या गाडीने त्याच रात्री इस्पितळ गाठा.