घरच्या खाटेपाशी पुनर्वसन



गाणगापूरच्या भीमा-अमरजा संगमावर स्नानास येणाऱ्या यात्रेकरूंत दुखणाईतही असतात. अर्धांगवायूने एक बाजू लुळी पडलेले वडील आणि त्यांना आधार देऊन चालविणारा मुलगा, हे दृश्य बिदर-कलबुर्गी भागातील कोणत्याही कुटुंबास नवे नाही. श्रद्धेने मनाला बळ येते. लुळा हात मात्र रोजच्या रोज हलवावा लागतो. तो कोणी, कसा हलवावा, हा येथे विचाराचा विषय आहे.

प्राण वाचविण्याचे काम रुग्णालयात होते. गुलबर्ग्यास, म्हणजे २०१४ पासूनच्या कलबुर्गीस, १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. बिदरलाही ते २००७ साली आले. परंतु रुग्ण घरी आला की खरी कसोटी सुरू होते. हालचाल परत येण्याचा बराचसा लाभ पहिल्या तीन ते सहा महिन्यांत पदरात पडतो. औराद वा भालकी तालुक्यातील खेड्यातून आठवड्यात तीनदा शहर गाठावयाचे, तर गाडीभाडे, सोबतीचा माणूस आणि त्याची बुडालेली मजुरी यांचा मेळ बसत नाही. मग येरझारा थांबतात. त्याबद्दल कुटुंबास दोष देणे अन्यायाचे होईल.

मग घरच्या माणसांनाच व्यायाम शिकविला तर? हा प्रयोग आपल्या देशात झालेला आहे. १४ रुग्णालयांतील १२५० रुग्ण त्यात होते आणि निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. कुटुंबीयांना रुग्णालयात शिक्षण देण्यात आले व ते पुढे घरीही काही काळ चालू राहिले. सहा महिन्यांनंतर मृत किंवा परावलंबी रुग्णांचे प्रमाण शिकविलेल्या गटात ४७ टक्के आणि न शिकविलेल्या गटातही ४७ टक्केच भरले. सुनेने वा पत्नीने जीव ओतून सेवा केली तरी तेवढ्याने भागत नाही, हे कटू सत्य त्यातून निघते.

याच्या शेजारी अमेरिकेतील २०१९ सालचा प्रयोग ठेवून पाहावा. त्यात १२४ रुग्ण होते. निम्म्यांनी चिकित्सालयात, तर निम्म्यांनी घरी संगणकापुढे बसून व्यायाम केला. प्रत्येकी ३६ बैठका, प्रत्येक बैठक ७० मिनिटांची. त्यांपैकी १८ बैठकांत उपचारक पडद्यावर समक्ष हजर असे. हाताची सुधारणा दोन्हीकडे सारखीच झाली. देश निराळे, रुग्ण निराळे, म्हणून दोहोंची थेट तुलना करणे योग्य नव्हे. तथापि दूरवरून पाहणारी जाणकार नजर चिकित्सालयाची जागा काही अंशी घेऊ शकते, एवढे म्हणण्यास हरकत नसावी. मोठे यंत्र नसले तरी चालेल. पाहणारा मात्र नियमाने पाहणारा हवा.

ती नजर काय टिपते? घरची माणसे रुग्णास उठविताना लुळा हात धरून ओढतात आणि खांद्याचा सांधा दुखावतो. दूरध्वनीच्या पडद्यावर उपचारक हे पाहतो व तेथल्या तेथे थांबवितो. खाट फार ठेंगणी आहे, न्हाणीघराचा उंबरठा उंच आहे, हेही त्यास दिसते. रुग्णालयात ते कधीच दिसले नसते. आपल्या भागात तुरीला तोटा नाही. ताटातील दाणे एकेक उचलून वाटीत टाकणे हा बोटांचा उत्तम व्यायाम होऊ शकतो.

वाचा गेलेल्या रुग्णाचा प्रश्न याहून नाजूक आहे. या सीमाभागात घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी चालते. आजीबाईंना ज्या भाषेत नातवंडांची नावे आठवतात, त्या भाषेतच वाचोपचार व्हावयास हवा. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था दूरस्थ उपचार करते; परंतु मराठी उपचारक सोलापूर वा पुण्याचा मिळाला, तर पडद्यापुरती सीमारेषा उरत नाही. डॉक्टरांपुरते बोलावयाचे, तर २५ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी नोंदणीकृत वैद्यास भारतातील कोठल्याही रुग्णास दूरस्थ सल्ला देण्याची मुभा दिली आहे. (राज्य-पुनर्रचनेने जे कठीण केले, ते तारेविना थोडे सुकर झाले म्हणावयाचे!)

मर्यादाही स्पष्ट आहेत. पहिली तपासणी समक्षच व्हावी. पाणी गिळताना ठसका लागत असेल तर पडद्यावर विसंबू नये; अन्न-पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. शिवाय चांगला दूरध्वनी बहुधा पुण्या-हैदराबादला गेलेल्या मुलाच्या खिशात असतो, आणि खाटेपाशी असते ती सून. तिचे मन थकले तर १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याचा सल्ला मिळतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ही सेवा मराठीत व कन्नडमध्येही आहे.

महाजनांनी मनात आणले तर धर्मशाळेतील एक शांत खोली, एक दूरध्वनी आणि तो हाताळणारा गावचा एक शिकलेला तरुण एवढ्यावर आरंभ होऊ शकेल. ज्यांना खाटेवरून हलविता येत नाही, त्यांच्या घरी त्या तरुणाने ठरल्या वारी दूरध्वनी घेऊन जावे. नाव नोंदविताना दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात: रुग्ण घरी कोणती भाषा बोलतो, आणि त्याचे सारे करणाऱ्या बाईला दिवसातून केव्हा सवड असते.