मोतीबागेचे दत्ताजीराव
(मंडळाच्या श्रद्धांजली सभेतील भाषण)



२०२४ हे साल आपल्या बडोद्याच्या एकाच घराला फार जड गेले. १३ फेब्रुवारीला दत्ताजीराव गायकवाड गेले, वयाची ९५ वर्षे पूर्ण करून. ३१ जुलैला त्यांचे चिरंजीव अंशुमान गेले, कर्करोगाने. वडील ११ कसोट्या खेळले, मुलगा ४०. पिकले पान गळते, हे आपण समजून घेतो. मुलाचे जाणे दत्ताजीरावांना पाहावे लागले नाही, एवढेच म्हणायचे.

त्यांचे नाव निघाले की बाहेरचे लोक १९५९चा इंग्लंड दौरा काढतात. पाचही कसोट्या आपण हरलो. त्यांतल्या चारांत कर्णधार दत्ताजीराव. लॉर्ड्सला ते आजारी होते. पण त्याच्या आदल्याच मालिकेत, वेस्ट इंडिजविरुद्ध, भारताने चार कर्णधार करून पाहिले होते. ते लोढणे मग यांच्या गळ्यात आले, हे कोणी सांगत नाही.

आपण आठवावा तो १९५७-५८चा हंगाम. त्यांच्या नेतृत्वाखाली बडोद्याने रणजी करंडक जिंकला आणि सेनादलाविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्यांनी शतक काढले. पुढे १९५९-६० मध्ये त्यांनी नाबाद २४९ केल्या. त्या कोणाविरुद्ध? महाराष्ट्राविरुद्ध! आता हसा. आपल्या घरांत बोलणे मराठीत, सोयरीक पुण्या-साताऱ्याकडची, गौरी-गणपती तिकडच्याच पद्धतीचे. पाहुणे हटकून विचारतात, "तुम्ही मूळचे कुठले?" आपण जरा अडखळतो. दत्ताजीराव त्या दिवशी अडखळले नाहीत.

ते इथेच जन्मले आणि इथेच त्यांचे देहावसान झाले. नातू शत्रुंजयही बडोद्याकडून खेळला, म्हणजे तीन पिढ्या झाल्या. २०१६ पासून ते देशातले सर्वांत वयोवृद्ध कसोटीपटू होते, पण त्या मानापेक्षा आम्हाला इरफान पठाणने सांगितलेली आठवण जवळची वाटते. मोतीबागेतल्या वडाच्या सावलीत दत्ताजीरावांची निळी मारुती उभी असे आणि गाडीत बसून ते बडोद्यासाठी नवी मुले हेरत. इरफान त्याच मैदानावर वाढलेला, तेव्हा त्याने ते डोळ्यांनी पाहिलेले.

आता आपण सारे उठून दोन मिनिटे स्तब्ध उभे राहू या. वडिलांसाठी आणि मुलासाठीही.