प्राचीन इजिप्तचे लोक गोरे की काळे?



ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावर पूर्वजांचा विषय निघणे स्वाभाविकच आहे. आज मात्र आम्ही नाईल नदीकाठच्या पूर्वजांविषयी चार शब्द बोलणार आहोत. प्राचीन इजिप्तचे लोक गोरे होते की काळे, हा वाद पाश्चात्त्य देशांत दीडशे वर्षांहून अधिक काळ चालला आहे. वर्गात पिरॅमिडांचा धडा शिकविताना मुलांनी आम्हांसही हा प्रश्न अनेकदा विचारला. त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. परंतु तो प्रश्न कोणी आणि का उपस्थित केला, हे सांगता येते. आणि तेच अधिक बोधप्रद आहे.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी सॅम्युएल मॉर्टन नावाचे डॉक्टर देशोदेशीच्या कवट्या जमवीत, आणि त्यांत बिया किंवा शिशाचे छर्रे भरून मेंदूचे आकारमान काढीत. कैरोत राहिलेल्या ग्लिडन ह्या गृहस्थांनी त्यांस इजिप्तमधील कवट्या पुरविल्या. १८४४ साली मॉर्टन ह्यांनी निर्वाळा दिला की, इजिप्तची संस्कृती गोऱ्या वंशाची होय, आणि काळे लोक तेथेही नोकर व गुलाम म्हणूनच राहत होते. त्या वेळी अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामगिरी कायदेशीर होती. ती १८६५ साली संपली. गुलामांच्या मालकांस हा निर्वाळा किती सोयीचा वाटला असेल, हे सांगावयास नको. १८५४ साली ग्लिडन आणि स्वतः गुलाम बाळगणारे डॉ. नॉट ह्यांनी ह्याच मताचा एक जाडजूड ग्रंथ काढला. त्याच वर्षी गुलामीतून निसटून आलेले थोर वक्ते फ्रेडरिक डग्लस ह्यांनी ओहायो येथील एका महाविद्यालयात भाषण करून मॉर्टनच्या मताचा खरपूस समाचार घेतला. सारांश, वाद इजिप्तचा होता, पण पणास लागले होते ते जिवंत माणसांचे स्वातंत्र्य.

आता खुद्द इजिप्तचे लोक काय म्हणत, ते पाहू. ते आपल्या देशास ‘केमेत’, म्हणजे काळी भूमी, म्हणत. सेनेगलचे विद्वान शेख अन्ता दिओप ह्यांनी ह्यावरून तेथील लोक काळे होते असा अर्थ काढला. बहुतेक पंडित मात्र हा शब्द नाईलच्या काळ्या गाळास उद्देशून आहे असे मानतात. वाळवंटास ते ‘तांबडी भूमी’ म्हणत. आपल्याकडेही शेतजमिनीस काळी व गावठाणास पांढरी म्हणतात. त्यावरून गावकऱ्यांचा वर्ण कोणी ठरवीत नाही. १९७४ साली कैरो येथे युनेस्कोने भरविलेल्या परिषदेत दिओप ह्यांनी आपला पक्ष हिरिरीने मांडला. परंतु एकमत झाले नाही.

त्यांच्या चित्रांवरूनही निर्णय होत नाही. मैदूम येथे १८७१ साली राहोतेप व त्याची पत्नी नोफ्रेत ह्यांचे पुतळे सापडले. पती तांबूस तपकिरी, पत्नी फिकट पिवळसर! पुरुष व स्त्री दाखविण्याची ती ठरलेली रीत होती. पहिल्या सेती राजाच्या थडग्यात इजिप्तचे, आशियाचे, नुबियाचे व लिबियाचे असे चार लोक निरनिराळ्या रंगांत व वेशांत रंगविले आहेत. आणि त्या चौघांसही परलोकी देवांचे संरक्षण आहे.

अर्थात ते लोक संत नव्हते. परक्यांस तुच्छ लेखणारे त्यांचे शिलालेख पुष्कळ आहेत. परंतु त्यांचा आपपरभाव देश, भाषा, देव आणि राजा ह्यांवरून ठरे. मैहेरप्री हा नुबियन वर्णाचा पुरुष राजवाड्यात वाढला, आणि त्यास राजांच्या खोऱ्यात समाधी मिळाली. पुढे इ. स. पूर्व आठव्या शतकात, आजच्या सुदानातील कुश देशाचा पिये राजा इजिप्तवर चालून आला, तो अमुन देवाचा भक्त म्हणूनच! त्याच्या वंशजांनी फेरो म्हणून राज्य केले.

२०२५ साली नुवैरात येथील सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका पुरुषाचा आनुवंशिक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा सुमारे ८० टक्के वारसा उत्तर आफ्रिकेचा, तर सुमारे २० टक्के मेसोपोटेमियाकडील लोकांशी जुळणारा आढळला. एका माणसावरून सारे राष्ट्र मोजता येत नाही. पण गोरे आणि काळे ह्या दोनच कप्प्यांत एक माणूससुद्धा मावत नाही, एवढे त्यावरून दिसते.

बंधुभगिनींनो, ही मोजपट्टी आपल्याही नाकापर्यंत आली होती. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख रिस्ले साहेब नाकाच्या मापावरून जातींची उच्चनीचता लावीत. मुंबई विद्यापीठाचे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये ह्यांनी १९३२ साली ते सिद्धांत तपासून, उत्तरेतील एक प्रांत वगळता ते टिकत नाहीत, असे दाखविले. आपल्या ज्ञातीचा इतिहास आपण आवडीने लिहितो, आणि लिहावाही. मात्र त्यात कोण कोणत्या वंशाचा, कोणाचे रक्त शुद्ध, ह्याची उठाठेव नसावी. वाडवडिलांनी कोणती विहीर बांधली, कोणती विद्या जोपासली, कोणास घासातला घास दिला, हे मुलांस सांगावे, अशी आमची नम्र विनंती आहे.