आधी पक्ष लिहा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मघापासून तिघांनी विचारलं, "तू नक्की करतोस काय?" मी गाड्यांचे ईसीएम दुरुस्त करतो. इंजिनात डिझेल कधी आणि किती सोडायचं हे ठरवणारी पेटी, ती माझी.

भूमितीत मी पक्ष न लिहिताच सिद्धतेला हात घालायचो. सर वही परत द्यायचे, "आधी काय दिलंय ते लिही."

धंद्याच्या सुरुवातीला एका भाजीवाल्याचा पिकअप आला. स्टार्टर फिरे, इंजिन चालू होईना. स्कॅनरवर 3 सेन्सरचे कोड. मी ठरवून टाकलं, ईसीएम गेला. पेटी काढली, टेबलावर 12 व्होल्ट दिले, कॅनच्या 2 तारा जोडल्या आणि जुना डेटा वाचून न ठेवता अख्खी नवी फाइल लिहायला घेतली. अर्ध्यावर लाइट गेली. पेटी मेली, किल्ली ओळखायची माहितीही तिच्यातच होती.

मग तारा तपासल्या. तिन्ही सेन्सरना 5 व्होल्ट एकाच ठिकाणाहून जात होते आणि त्यातली एक तार घासून बॉडीला लागली होती. ईसीएम चांगला होता. तो मी मारला. भाजीवाल्याला हे सांगायला मला 2 दिवस लागले. नव्या पेटीसाठी बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या.

आता आधी पक्ष लिहितो. बॅटरी, फ्यूज, अर्थिंग, सेन्सरचे 5 व्होल्ट. बॅटरी सोडून कॅनच्या 2 तारांमध्ये 60 ओहम यायला हवेत, कारण दोन टोकांना 120-120 चे रोध समांतर असतात. 120 आले तर एक रोध किंवा तार तुटलेली. हे गणित याच शाळेतलं! एवढं करूनही पेटी काढावी लागलीच, तर सप्लाय बॅटरी बॅकअपवर. डेटा 2 वेळा वाचायचा, दोन्ही फाइली जुळल्या की वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या, मगच लिहायचं.

'मेली' म्हणून आलेल्या बऱ्याच पेट्या माझ्या टेबलावर जिवंत निघतात. त्या मी तशाच परत देतो, तपासणीपुरते पैसे घेऊन.

तो भाजीवाला अजून माझ्याकडेच येतो. सर, पाटल्याही सुटल्या. पण पक्ष लिहायला मी जरा उशिरा शिकलो, एवढं आज सांगायचं होतं.